नाणेघाटाच्या वाटेवरची शाळा

जुन्नर तालुका नावाने एक असला तरी मुळात ते दोन तालुके आहेत, असे तिथली माणसेच सांगतात. एक पूर्वेचा. त्यात नारायणगावचा टोमॅटोचा बाजार येतो, द्राक्षांचे मळे येतात, ऊस येतो आणि उसाच्या आसऱ्याने राहणारा बिबट्याही येतो. दुसरा पश्चिमेचा. जुन्नर गावाची शेवटची घरे मागे पडली, आपटाळ्याचा रस्ता धरला आणि माणिकडोह धरणाचे पाणी डोंगरांच्या पायाशी दिसू लागले, की हा दुसरा तालुका सुरू होतो. इथे भात, नाचणी आणि वरई. वस्ती बरीचशी महादेव कोळी लोकांची. रोख पैसा हाती येतो तो उन्हाळ्यात, हिरड्याचा. झाडाखाली पडलेला कोवळा हिरडा वेचायचा, वाळवायचा आणि किलोच्या भावाने व्यापाऱ्याला घालायचा. या हिरड्याशी पुढे आपले काम पडणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

पुण्यामुंबईची मंडळी जुन्नरला येतात ती शिवनेरीसाठी आणि लेण्याद्रीच्या गणपतीसाठी. २०१८ साली सरकारने या तालुक्याला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केले, तेव्हापासून गर्दी वाढली आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी ही गर्दी पश्चिमेच्या रस्त्याने नाणेघाटापर्यंत जाते, उलट्या धबधब्याखाली भिजते, कणसे खाते आणि संध्याकाळी परत फिरते. घाटमाथ्यावरच्या लेण्यात काय कोरले आहे हे पाहायला थांबणारे थोडे. मला ते पाहायचे होते. मी मराठीचा प्राध्यापक. माझा आकड्यांशी संबंध पगारपत्रकापुरता आणि उत्तरपत्रिकांवरच्या गुणांपुरता. पण नाणेघाटातल्या ब्राह्मी लेखात आकडे आहेत, आपल्या देशातल्या अतिशय जुन्या कोरीव आकड्यांत त्यांची गणना होते, आणि लेखाची भाषा प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची आजीच. तेव्हा एकदा जाऊन डोळ्यांनी पाहावे असे फार दिवस मनात होते.

योग आला तो २०२५ च्या भाद्रपदात. माझी एक जुनी विद्यार्थिनी त्या बाजूच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिला कळवले तेव्हा तिचे उत्तर आले, "सर, नाणेघाटातले आकडे दोन हजार वर्षं तिथंच आहेत, अजून दोन तासांनी काही बिघडत नाही. वाटेत आमच्याही शाळेत थोडे आकडे आहेत. शनिवारी सकाळची शाळा असते. आधी ते बघा, मग घाटात जाऊ."

पितृपक्ष चालू होता. पितृपक्षात नवे काही करू नये म्हणतात. पण मी जुनेच पाहायला निघालो होतो. जुन्नरहून एस. टी. पकडली. भात पोटरीला आलेला, बांधाबांधावर सोनकीची पिवळी फुले, चावंडचा किल्ला ढगात अर्धा बुडालेला. बसमध्ये मी सोडून सगळे एकमेकांना ओळखत होते. शाळेच्या फाट्यावर कंडक्टरने मला न विचारताच घंटी मारली. "बाईंकडं ना?" तो म्हणाला. या रस्त्यावर पाटी-दप्तराशिवाय उतरणारा परका माणूस एकतर अधिकारी किंवा बाईंचा पाहुणा, असा त्याचा हिशोब असावा.

शाळा म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटा, बाजूला पोषण आहाराची खोली आणि परसात एक आंब्याचे झाड. पट चौदा. पहिली-दुसरीची आठ मुले बाईंच्या खोलीत, तिसरी-चौथीची सहा मुले गुरुजींच्या खोलीत. गुरुजी पन्नाशीतले, मूळचे खेड तालुक्यातले. त्यांनी चहा पाजला, आणि दहाच्या आत त्यांना तालुक्याच्या गावाहून फोन आला: कसलीशी माहिती आजच भरून हवी होती. खोऱ्यात मोबाइलला नीट रेंज नसते. माहिती भरायची तर टेकडीवर चढावे लागते. गुरुजींनी छत्री घेतली, माझ्याकडे पाहिले आणि सहज म्हणाले, "सर, तुम्ही आहातच. पोरांना काहीतरी सांगा तासभर." अशा रीतीने नाणेघाट पाहायला निघालेला मी तिसरी-चौथीचा प्रभारी शिक्षक झालो.

पण त्याआधी बाईंचा तास पाहायला मिळाला, आणि हा लेख खरे तर त्या तासाविषयी आहे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आज नातवंडे किंवा धाकटी मुले प्राथमिक शाळेत आहेत, आणि पहिलीचे गणित बदलले आहे हे त्यांनी पाहिले असेल. २०२० साली नवे शैक्षणिक धोरण आले. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी देशाचा अभ्यासक्रम आराखडा निघाला, आणि आपल्या राज्यात २०२५ च्या जूनपासून पहिलीला नवा अभ्यासक्रम लागू झाला. त्या आराखड्यात गणित शिकवण्याची चार पायऱ्यांची एक वाट सांगितली आहे. आधी वस्तू हाताळायची, मग तिच्याविषयी बोलायचे, मग तिचे चित्र काढायचे आणि सर्वांत शेवटी चिन्ह लिहायचे. आमच्या लहानपणी ही वाट नेमकी उलटी होती. आधी चिन्ह. पाटीवर एक ते शंभर, मग पाढे, मग पावकी-निमकी. त्यांचा अर्थ ज्याला लागायचा त्याला पुढे कधीतरी बाजारात लागायचा. आमच्या पाटीच्या चौकटीला वरच्या बाजूला तारांवर ओवलेले रंगीत मणी असत, आठवतात ना? आम्ही ते फिरवत बसायचो आणि गुरुजी म्हणायचे, "मणी सोड, पाढा म्हण." नव्या अभ्यासक्रमाने काय केले असे मला कुणी विचारले, तर मी म्हणेन की त्याने त्या मण्यांना न्याय दिला.

बाईंच्या वर्गात भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शंभर मण्यांची एक माळ टांगलेली होती. दहा मणी लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, अशी. कोपऱ्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांत काड्यांचे दहा-दहांचे गठ्ठे, चिंचोके, फासे, खेळातल्या नोटा. एका दोरीला चिमट्यांनी अडकवलेली संख्याकार्डे. बालभारतीचे पुस्तक होतेच. त्यात पानाच्या तळाशी शिक्षकांसाठी दोन-तीन ओळींची सूचना असते आणि चौकोनी ठिपक्यांचा एक शिक्का असतो, तो मोबाइलला दाखवला की चित्रफीत दिसते. "टेकडीवर जाऊन दाखवला तर," बाई म्हणाली.

तिने माळेसमोर तीन मुलांना उभे केले आणि एकेकाला त्रेचाळीस दाखवायला सांगितले. पहिल्या मुलाने पहिल्या मण्यापासून बोट ठेवून एक, दोन, तीन असे मोजायला सुरुवात केली. त्रेचाळीसपर्यंत पोचायला त्याला बराच वेळ लागला, पण पोचला. दुसरीने चार उड्या मारल्या, दहा, वीस, तीस, चाळीस, आणि पुढचे तीन मणी सरकवले. तिसरा थेट माळेच्या मधोमध गेला, पन्नासावर बोट ठेवले आणि सात मणी मागे आला. तिघांनीही चिमटा एकाच जागी लावला. मी शाबासकी देणार, तेवढ्यात बाई हळूच म्हणाली, "सर, पाटीवर या तिघांनीही त्रेचाळीस बरोबर लिहिलं असतं. मग मला काय कळलं असतं? आता मला कळलं की पहिल्याला अजून दहाचा गठ्ठा दिसत नाही. उद्या त्याच्यापासून सुरुवात."

या साहित्याकडे मी तोवर मुलांची करमणूक म्हणून पाहत होतो. आपण सगळेच पाहतो. मुलांना खेळणी मिळतात, गणित गोड लागते, एवढेच. पण इथे ती माळ मुलांइतकीच बाईंच्या उपयोगाची होती. मुलाच्या डोक्यात काय चालले आहे ते मूल सांगू शकत नाही. सहा वर्षांच्या मुलाजवळ तेवढे शब्दच नसतात. पण त्याचा हात ते दाखवतो. शिक्षकाला हात वाचता आला पाहिजे, आणि वाचायला हाताजवळ काहीतरी असले पाहिजे.

याचा दाखला म्हणून तिने मला जुलै महिन्यातली एक हकीकत सांगितली. दुसरीतली एक मुलगी. वडील कामाला जुन्नरला, आई शेतावर, मुलगी आजीपाशी वाढलेली. वर्षभर तिचे लेखी काम चुकत असे, आणि ते चुकण्याला काही ताळतंत्र दिसत नसे. पंचेचाळीस वस्तू मोजायला दिल्या की ती पाटीवर २५ लिही. पासष्टचे ३५ करी. मागे पडलेल्या मुलांच्या यादीत तिचे नाव गेले होते. एके दिवशी बाईने तिच्यापुढे पंचेचाळीस चिंचोके ओतले आणि काही न सांगता नुसती पाहत बसली. मुलीने भराभर दोन ढीग केले आणि बाजूला पाच चिंचोके ठेवले. मग पाटीवर लिहिले: २५.

"मी ढीग मोजले," बाई म्हणाली. "एकेका ढिगात वीस."

वाचकहो, खेड्यातली जुनी माणसे विसावर मोजतात हे आपल्याला ऐकून ठाऊक आहे. तीन विसा म्हणजे साठ, पाच विसा म्हणजे शंभर. आजीबरोबर हिरडा मोजून-मोजून त्या मुलीला तेच मोजणे अंगवळणी पडले होते. दोन विसा आणि पाच. म्हणून दोन आणि पाच. पासष्ट म्हणजे तीन विसा आणि पाच. म्हणून तीन आणि पाच. तिच्या लिहिण्यात चूक एकच होती, आणि ती तिची नव्हती: शाळा दहाचा गठ्ठा बांधते हे तिला कुणी सांगितले नव्हते, आणि ती विसाचा बांधते हे शाळेला ठाऊक नव्हते. वर्षभर पाटीवर २५ पाहून जे कळले नाही ते मूठभर चिंचोक्यांनी एका मिनिटात सांगितले. बाईने तिला एवढेच केले: एकेक ढीग मधोमध फोडून दाखवला. दोनाचे चार झाले. "आपण शाळेत असे बांधू या," ती म्हणाली, "घरी आजी बांधते तसे बांध." मुलीने थोडा विचार केला आणि २ पुसून ४ केला.

हे नुसते परीक्षेतल्या गुणांचे प्रकरण नव्हे. हिरड्याच्या व्यापाऱ्याची चिठ्ठी त्या घरात हीच मुलगी वाचते. आजीला अक्षर येत नाही. चिठ्ठीवर पंचेचाळीसच्या जागी पंचवीस असेल तर ते ओळखणारे त्या घरात दुसरे कुणी नाही.

आता थोडे माझ्या विषयात येतो. मराठीतली संख्यानामे हा एक अजब कारखाना आहे. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो आणि वीस नंतर; लिहिताना मात्र दोन आधी, पाच नंतर. तोंड एका दिशेने जाते, हात दुसऱ्या. एकोणतीस ऐकले की कानात तीस येतो आणि पाटीवर मात्र तिसाचा तीन कुठेच नसतो, कारण शब्द म्हणतो एक उणे तीस. दोनाचा अवतार तर पाहा: बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. संस्कृतातून प्राकृतात आणि प्राकृतातून मराठीत येताना हे शब्द दोन हजार वर्षे घासले गेले आहेत. भाषेच्या अभ्यासकाला ते रत्नासारखे वाटतात, पण सहा वर्षांच्या मुलाला नव्याण्णव रत्ने सुटीसुटी पाठ करावी लागतात.

म्हणूनच २०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या पुस्तकात पंचवीसच्या जोडीला 'वीस पाच' असे वाचन आले, आणि महाराष्ट्रात केवढा गहजब झाला तो आपल्याला आठवत असेल. विधानसभेपर्यंत विनोद गेले. आमच्या प्राध्यापकांच्या खोलीतही दोन तट पडले होते आणि मराठीचा म्हणून मला सगळ्यांनी मध्ये ओढले होते. गणिताच्या अभ्यासमंडळाच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर, स्वतः गणितज्ञ आणि 'गणितगप्पा' लिहून मुलांशी गप्पा मारणाऱ्या. २०२३ साली त्या गेल्या. पंचवीस हा शब्द पुस्तकातून काढलेला नाही, दोन्ही वाचने दिली आहेत, हे त्या समजावून सांगत होत्या. गदारोळात ते फार थोड्यांनी ऐकले.

मी बाईंना विचारले, "तू काय करतेस? पंचवीस की वीस पाच?"

"तिन्ही," ती म्हणाली. "आधी दोन दहा आणि पाच, मग वीस पाच, मग पंचवीस. पंचवीस सोडून कसं चालेल? आजी पंचवीसच म्हणते, कंडक्टर पंचवीसच म्हणतो. पण पंचवीसवर अडकलेल्या पोराला परत न्यायला 'वीस पाच' ही पायरी फार उपयोगी पडते." आणि मग तिने दोरीवरची दोन कार्डे काढली. एकावर २०, दुसऱ्यावर ५. पाचाचे कार्ड तिने विसाच्या शून्यावर ठेवले. झाले पंचवीस. पाच उचलला, की खाली शून्य होतेच. मुलांना ही जादू फार आवडते. शून्य गेलेले नाही, पाचाखाली बसले आहे, हे त्यांना दिसते. हॉलंडमधल्या गणितशिक्षणात शंभर मण्यांची माळ फार गाजली, आणि मौज अशी की डच भाषेतही पंचवीसला 'पाच आणि वीस'च म्हणतात. अडचण सारखी असली की औषधही सारखे निघत असावे.

पण औषधाची बाटली कपाटात ठेवून ताप उतरत नाही. गुरुजी टेकडीवरून परतल्यावर त्यांनी आपल्या एका जुन्या शाळेची गोष्ट सांगितली. तिथे गणिताची पेटी आली, ती जडसंग्रहाच्या नोंदवहीत चढली आणि कपाटात गेली. एक फासा हरवला तर हिशोब कोण देणार? तपासणीला साहेब आले की पेटी बाहेर निघे, तिच्यावरचे प्लास्टिकही फाडलेले नव्हते याबद्दल शाबासकी मिळे. "इथं बाईंनी पहिल्याच दिवशी पेटी फोडली," गुरुजी म्हणाले. "मला धडकी भरली. पण हरवलेल्या मण्यांच्या जागी पोरं बिया ओवून आणतात. रानात बियांना काय तोटा?"

मला ताराबाई मोडकांची आठवण झाली. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. माँटेसरीचे साहित्य महाग. ते खेड्यात कुठून आणायचे? ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी शंख-शिंपले, पाने, बिया, खडे हेच साहित्य केले. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच पाड्याच्या अंगणात नेली. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. नव्या अभ्यासक्रमातले जे आपल्याला परदेशी वाटते त्याचा एक धागा आपल्याच किनाऱ्यावर सापडतो तो असा.

साहित्याचा आणखी एक उपयोग मी त्या दिवशी पाहिला, आणि तो कुठल्याही सूचनेत छापलेला नसेल. शिक्षकांसाठीच्या सूचना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक वर्ग आणि एक शिक्षक असतो. इथे एका खोलीत दोन वर्ग, आणि गुरुजी टेकडीवर गेले की चार. बाई पहिलीच्या मुलांशी बोलत असताना दुसरीची मुले दोन-दोनांच्या जोड्यांनी फासे टाकत होती. जितके पडतील तितक्या काड्या घ्यायच्या, दहा झाल्या की गठ्ठा बांधायचा, ज्याचे पाच गठ्ठे आधी होतील तो जिंकला. वीस मिनिटे त्यांनी बाईंना हाक मारली नाही. गठ्ठा नऊचाच बांधला तर जोडीदार भांडायला तयारच होता. असा जोडीदार आणि दोन फासे मिळून एक शिक्षक होतो, आणि ज्या शाळेत शिक्षक कमी तिथे तो हवाच असतो. मात्र हे खेळ बाईंनी पेटीतून वाचून काढलेले नव्हते. महिन्याला केंद्रातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरते, तिथे शेजारच्या शाळेतल्या एका शिक्षकाने ते करून दाखवले होते. वस्तू सरकार पाठवू शकते. ती कशी वापरावी हे एक शिक्षक दुसऱ्या शिक्षकाला दाखवतो तेव्हाच ती वापरात येते.

शाळा सुटायच्या सुमारास त्या मुलीची आजी ओट्याशी येऊन बसली. बाईने मुद्दाम विचारले, "आजी, औंदा हिरडा किती झाला हो?"

"झाला की. तीन विसा आन् पाच किलो."

"पासष्ट," मुलगी दप्तर भरता भरता म्हणाली. आणि कुणी विचारले नसताना ओट्याखालच्या ओल्या मातीत तिने बोटाने आधी सहा काढला, मग पाच.

दुपारी आम्ही नाणेघाटात गेलो. घाटघर मागे टाकले की थोड्या वेळाने सह्याद्री एकाएकी संपतो आणि खाली कोकण पसरलेले दिसते. त्या दिवशी मात्र खाली नुसता पांढरा ढग होता. कल्याण-सोपाऱ्याकडचा माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला चढे. वाटेच्या माथ्यावर तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडत असे लोक सांगतात. त्याच्याखाली लेणे. आत सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, त्यांची आता पावले तेवढी उरली आहेत. भिंतींवर नागनिका राणीचा लेख: कोणता यज्ञ केला आणि दक्षिणा काय दिली याचा हिशोब. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. १८२८ साली कर्नल साइक्स इथे आला; पण या लेखातल्या आकड्यांचा छडा लावला तो भगवानलाल इंद्रजी या आपल्या पंडिताने, १८७६ च्या सुमारास.

या लेखात एके ठिकाणी चोवीस हजार चारशे कार्षापणांचा उल्लेख आहे. तो आकडा लिहिलेला पाहण्यासारखा आहे. तिथे शून्य नाही, स्थानाची किंमत नाही. विसाला स्वतंत्र खूण, शंभराला स्वतंत्र खूण, हजाराला स्वतंत्र खूण. हजाराच्या खुणेला वीस जोडला की वीस हजार, चार जोडला की चार हजार, शंभराच्या खुणेला चार जोडला की चारशे. तीन खुणा शेजारी शेजारी मांडल्या की झाले चोवीस हजार चारशे. बाई बराच वेळ भिंतीकडे बघत होती. मग म्हणाली, "सर, ही तर आमची कार्डं आहेत. एकावर एक ठेवायची राहिलीत."

अगदी तसेच आहे. वीस, चार, शंभर ही सगळी कार्डे त्या कोरक्याजवळ होती. ती एकावर एक ठेवायची, शून्य झाकायचे आणि बसल्या जागेवरून आकड्याची किंमत ओळखायची, ही युक्ती सापडायला आपल्या देशातल्या शहाण्या माणसांना आणखी काही शतके लागली. ती युक्ती आपण आज सहा वर्षांच्या मुलाला एका पावसाळ्यात द्यायला निघालो आहोत, आणि मूल अडखळले तर त्याला ढ म्हणतो. विसावर मोजणारी ती मुलगी आणि विसाला स्वतंत्र खूण देणारा तो कोरका यांची भेट झाली असती तर त्यांचे एकमेकांशी चांगले जमले असते.

परतताना बाई पटाविषयी बोलली. पट चौदा. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढाव्यात अशी योजना पुढे आली होती; तेव्हापासून खोऱ्यातल्या प्रत्येक छोट्या शाळेचा जीव टांगणीला आहे. मोठ्या शाळेत साहित्य जास्त असेल, शिक्षक जास्त असतील, हे तिलाही कळते. "पण त्या पोरीचा ढीग बघायला मला वेळ मिळाला तो आठच पोरं होती म्हणून," ती म्हणाली. "आणि ती पाच मिनिटांत चालत येते म्हणून ती रोज येते. गाडीनं जावं लागलं तर आजी पाठवील का, सांगता येत नाही." याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. विसाचा आकडा या खोऱ्यात कुठून कुठून आडवा येतो, एवढेच मनात आले.

निरोप घेताना मी शहरी माणसाचा नेहमीचा प्रश्न विचारला: शाळेला काय पाठवू? दप्तरे, वह्या, एखादी पेटी?

"वस्तू आहेत, सर. नसतील त्या रानात आहेत. पुण्याहून इतके लोक शनिवारी घाटात जातात. एखाद्यानं वाटेत थांबून तिसरी-चौथीला तासभर गोष्ट सांगावी. तेवढ्यात मी पहिली-दुसरीचं गणित नीट बघते."

तेव्हा दिवाळीनंतर जी मंडळी नाणेघाटाला जाणार असतील त्यांच्यासाठी: लेण्यातला लेख उजेडात पाहावा, रांजणात पाणी असते, त्यात नाणी टाकू नयेत. जुन्नर स्थानकावरून सकाळची एस. टी. आहे. शनिवारी शाळा सकाळची असते. अशा शाळा त्या रस्त्यावर एकाहून अधिक आहेत. कुठेही आधी विचारून, परवानगी घेऊन जावे, आणि जाताना दुसरे काही नसले तरी एक चांगली गोष्ट पाठ करून जावी.